हाकेला ओ देणारा टर्की

अमेरिकेतल्या ओकच्या जंगलात एप्रिल महिन्यात, उजाडण्यापूर्वीच, झाडावरून घशात गुळण्या केल्यासारखा मोठा आवाज येतो. रात्री फांदीवर झोपलेला रानटी टर्कीचा नर जागा झालेला असतो. त्याच वेळी खाली एका बुंध्याला पाठ टेकून शिकारी बसलेला असतो. अंगावर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे आणि हातात लाकडाची छोटी पेटी. पेटीचे झाकण तिच्या कडेवर घासले की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. अशा पेटीचे पेटंट तिथे १८९७ सालीच घेतले गेले होते.

इथे एक गंमत आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे रीतच उलटी करतो. त्यामुळे अनुभवी नर पुष्कळदा दूरच थांबतो, शेपटीचा पंखा उघडतो आणि मादी येण्याची वाट पाहतो. टर्कीची नजर अतिशय तीक्ष्ण असते, वास घेण्याची शक्ती मात्र बेताची. म्हणून वारा कुठून वाहतो याची शिकाऱ्याला फारशी काळजी नसते, पण हात हलवायचीही चोरी असते. शिवाय अंगावर लाल, पांढरा किंवा निळा रंग चालत नाही. नराच्या डोक्या-मानेवर हेच रंग असतात, आणि पेटीचा आवाज ऐकून दुसरा शिकारीही त्या दिशेने येत असतो!

वसंतातली ही शिकार मुख्यतः नरांचीच असते. असे का? टर्कीत एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही कामे मादीची. मादी सुमारे १० ते १२ अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. एकदा मीलन झाले की नराचे शुक्राणू तिच्या शरीरात काही आठवडे टिकतात. म्हणून मीलनानंतर काही नर मारले गेले, तरी त्या वर्षीच्या पिल्लांची संख्या फारशी घटत नाही. 'मीलनानंतर' या शब्दाकडे मात्र आपण पुन्हा येणार आहोत.

नरांमध्येही चढाओढ असते, पण तीत सहकार्यही असते. पुष्कळदा दोन-तीन नर शेजारी शेजारी उभे राहून पंखा फुलवतात. मीलन मात्र त्यांतला एकच करतो. मग बाकीचे फुकट का राबतात? ॲलन क्रॅकाउअर या संशोधकाने कॅलिफोर्नियात याचा अभ्यास केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध केला. हे साथीदार जवळचे नातलग निघाले. त्यांचे नाते सरासरी ०.४२ होते (सख्ख्या भावांचे ०.५ असते). साथीमुळे मुख्य नराला सरासरी ६.१ पिल्ले जास्त मिळत होती. एकट्या नराला सरासरी ०.९ पिल्लेच मिळत. आता गुणाकार करू : ०.४२ × ६.१ म्हणजे सुमारे २.६. हा आकडा ०.९ पेक्षा मोठा आहे. म्हणजे एकट्याने नशीब अजमावण्यापेक्षा भावाला साथ देणे वारशाच्या हिशेबात फायद्याचे ठरते.

आता शिकाऱ्यांची चढाओढ पाहू. कुणी मादीचा आवाज काढण्याच्या स्पर्धांत उतरतो, तर कुणी टर्कीच्या चार उपजातींचे नर मिळवून 'ग्रँड स्लॅम' पुरा करतो. मित्रामित्रांत 'कुणाचा नर भारी' हा वाद तर ठरलेलाच. त्यासाठी एक सूत्र वापरतात : वजन (पौंडांत), अधिक दाढीच्या लांबीची दुप्पट, अधिक दोन्ही पायांच्या नख्यांच्या लांबीच्या बेरजेची दहापट (लांबी इंचांत). दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा, केसांसारख्या पिसांचा झुपका. नखी म्हणजे आपल्या कोंबड्याच्या पायामागे असतो तसला टोकदार काटा.

समजा, एका नराचे वजन २४ पौंड, दाढी ९ इंच आणि प्रत्येक नखी पाऊण इंच आहे. त्याचे गुण २४ + १८ + १५ = ५७. दुसरा १९ पौंडांचाच, पण त्याची दाढी १० इंच आणि प्रत्येक नखी सव्वा इंच आहे. त्याचे गुण १९ + २० + २५ = ६४. हलका नर जिंकला! याचे कारण असे की दोन-तीन वर्षांनंतर वजन फारसे वाढत नाही आणि दाढीची टोके जमिनीला घासून झिजतात, पण नखी वाढत राहते. म्हणजे हे सूत्र वयस्क नराला मान देते.

पण दुसरीही एक चढाओढ असते, ती म्हणजे हंगामाच्या पहिल्याच दिवशी पहिला नर कोण मारतो याची. तिथे 'मीलनानंतर' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. जोरजोराने ओरडणारा मुख्य नर मीलनापूर्वीच गेला, तर काही माद्यांचे मीलन लांबेल अशी जीवशास्त्रज्ञांची शंका आहे. आग्नेय अमेरिकेत अलीकडे टर्की घटले आहेत. त्याला अधिवासातले बदल आणि भक्षक प्राणी अशी इतरही कारणे असू शकतात. तरी अलाबामा राज्याने २०२२ साली हंगाम उशिरा सुरू केला आणि एका शिकाऱ्याला वर्षभरात पाचऐवजी चारच नर मारण्याची मुभा ठेवली.

ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा रानटी टर्की १८५१ साली मारला गेला. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी अनेक ठिकाणी सोडून पाहिले, पण ते रानात तगले नाहीत. अखेर १९७२-७३ साली न्यूयॉर्क राज्यातून रानातच पकडलेले ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्समध्ये सोडले. आज तिथे हजारो टर्की आहेत. देशभरच्या अशा कामाला पैसा मिळाला तो मुख्यतः बंदुका-काडतुसांवरच्या करातून. त्याचा कायदा १९३७ सालचा आहे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे ही चढाओढ आपल्या परिचयाची नाही. पण वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : टर्की वाढावेत असे वाटत असेल, तर स्पर्धेत गुण कशाला द्यावेत? सर्वांत आधी मारल्याला, सर्वांत जास्त मारल्याला, की सर्वांत लांब नखीला? आमच्या मते विद्यार्थ्यांनी एक उत्तर आणखी सुचवायला हवे. हाक ऐकून जवळ आलेल्या नराला डोळे भरून पाहून तसेच जाऊ देणाऱ्यालाही काही गुण असावेत की नाही?