गोळी घेऊनही खाज का जात नाही?

१६ ते २२ ऑगस्ट म्हणजे गाजर गवत जागरूकता सप्ताह. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचं पत्रक येतं, कृषी महाविद्यालयांत फलक लागतात, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं रस्त्याकडेला उतरतात आणि सोमवारच्या अंकात फोटो छापून येतो. त्या फोटोत बहुतेकांचे हात उघडे असतात. ऑगस्टात हे गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं, म्हणजे उपटायला सगळ्यात वाईट वेळ. उपटणाऱ्यांपैकी जवळपास कुणालाच त्या दिवशी काही होत नाही. खरी गोम इथेच आहे.

हे गवत अमेरिकेच्या पीएल-४८० धान्यमदत कराराच्या गव्हातून आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. तो करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात प्रा. परांजपे यांना ही झाडं १९५१ मध्येच दिसली होती, आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तर १८८० चा वाळवलेला नमुना आहे. गव्हासोबत बी आलं नाही असं मी म्हणत नाही, पण सगळं खापर एका जहाजावर फोडणं सोयीचं आहे एवढंच. पुण्याचा मान मात्र खरा. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये या तणाची शास्त्रीय नोंद केली ती इथली, आणि १९६८ मध्ये लोणकर आणि जोग यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचा रुग्ण नोंदवला.

हा रोग दिसतो कसा? पापण्या सुजून जाड होतात. मानेच्या घड्या, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण इथे लाल चट्टे, पाणी, खपल्या. रुग्ण बहुधा शेतात राबणारा मध्यमवयीन पुरुष असतो. पहिली काही वर्षं त्रास पावसाळ्यात वाढतो, हिवाळ्यात ओसरतो, मग बारमाही होतो. मुरलेल्या रुग्णाला पुढे ऊनही सोसत नाही. काहींची अंगभर कातडी लाल होऊन सोलवटते. नुसत्या उन्हाचा त्रास असला तर वरच्या पापण्या, हनुवटीखालची सावलीतली जागा आणि कानामागचा भाग सहसा वाचतो. हवेतून येणारी गाजर गवताची धूळ या जागाही सोडत नाही. कानामागे बघितलं तरी अर्धं निदान होतं.

असा माणूस सहसा आधी औषधाच्या दुकानात जातो आणि ‘ॲलर्जीची गोळी’ मागतो. सेट्रिझिन मिळते. झोप बरी लागते, चट्टे तसेच राहतात. मग डोस वाढतो, गोळी बदलते, शेवटी कुणीतरी हजारो रुपयांची रक्ताची ‘ॲलर्जी पॅनल’ लिहून देतं. ती या रोगाबद्दल काहीही सांगू शकत नाही. का, ते समजायला दोन जुने प्रयोग पुरेसे आहेत.

पहिला १९२१ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातला. डॉ. क्युस्टनर यांना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर काही मिनिटांत गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तद्रवातून दुसऱ्याला देता येते. त्या द्रवातला घटक, आयजीई नावाचं प्रतिपिंड, सापडायला पुढे १९६६ साल उजाडावं लागलं. आयजीई मास्ट पेशींना चिकटून बसतं, ओळखीचा पदार्थ आला की पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन ओततात, आणि सेट्रिझिन अडवते ती हीच हिस्टामिन.

दुसरा प्रयोग १९४२ चा, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतला. रक्तगटांचे शोधकर्ते लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी एका रसायनाची ॲलर्जी झालेल्या गिनीपिगकडून ती दुसऱ्याला द्यायचा प्रयत्न केला. रक्तद्रवाने जमेना. जिवंत पांढऱ्या पेशी दिल्यावर जमलं. त्याच पेशी तापवून मारल्या की पुन्हा जमेना. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकाचा हा सर्वांत कमी गाजलेला मोठा प्रयोग. ॲलर्जीच्या एका अख्ख्या जातीत प्रतिपिंडाचा आणि हिस्टामिनचा मुख्य हात नाही, हे त्यातून कळलं. १९६३ मध्ये गेल आणि कूम्ब्स यांनी अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले, त्यात ही जात चौथी.

गाजर गवताचा त्वचारोग याच जातीतला. पानांवरच्या सूक्ष्म केसांत पार्थेनिन असतं. हा रेणू इतका लहान, की एकटा असताना शरीर त्याची दखलही घेत नाही. पण तो कातडीतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो, आणि त्या जोडगोळीला पहारेकरी पेशी परकी ठरवून जवळच्या लसिकाग्रंथीत टी-पेशींना दाखवतात. या ओळखपरेडीला महिने, कधी वर्षं लागतात. तोवर माणूस छाती ठोकून सांगतो, ‘आपल्याला काही होत नाही.’ एकदा ओळख पटली, की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी टी-पेशी तिथे गोळा होतात. आज बांध साफ केला आणि परवा चेहरा सुजला, तर दोष बांधाला कोण देणार? कालच्या वांग्याच्या भाजीवर आळ येतो.

रक्ताची पॅनल शोधते ते आयजीई, आणि इथे त्याचा हात नाही. म्हणून तपासणीही वेगळी. पॅच टेस्टमध्ये अर्काची पट्टी पाठीवर ४८ तास ठेवतात, काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचतात. रुग्णाला दोन-तीन खेपा पडतात, म्हणून ती टाळली जाते. रक्त एका फेरीत घेता येतं. शेवंतीची पट्टीही सोबत लावली तर बरं, कारण ती याच कुळातली आणि फुलं विकणाऱ्याला तिचाही त्रास होऊ शकतो.

गोंधळात भर म्हणजे याच गवताच्या परागकणांमुळे शिंका, वाहतं नाक आणि दमाही होतो, आणि तो पहिल्या जातीचा, आयजीईचा. तिथे सेट्रिझिन नाकाला उपयोगी पडते. झाड एकच, आजार दोन.

उपचारात स्टिरॉइड मलमं, आणि जुनाट रोगाला ॲझाथायोप्रिन. ते स्वस्त आहे, पण घेताना रक्त तपासत राहावं लागतं. ‘गवतापासून दूर राहा’ हा सल्ला ज्याचा बांधच या गवताने भरलाय त्याला कसा पाळता येणार? १९८४ मध्ये बंगळुरूत सोडलेला मेक्सिकन भुंगा पाला फस्त करतो खरा, पण पावसाळ्यातच. कोरड्या दिवसांत तो जमिनीत झोपून असतो.

तेव्हा सप्ताह ऑगस्टऐवजी जूनअखेर, फूल धरण्याआधी घ्यावा. मुलांना रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे द्यावेत, आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याला फलक धरायला उभं करावं, गवत उपटायला नव्हे. खर्च फलकाइतकाच येईल.