जीपगाडीचे चिखलपडदे पुन्हां बसवितांना

गेल्या भाद्रपदांत शिवारांतील ओढा ओलांडून आमची जीप डांबरी सडकेस लागली, आणि थोड्याच अंतरावर मागच्या चाकानें उडविलेला खडा मागून येणाऱ्या एका मोटारसायकलस्वाराच्या भुंवईस लागला. जखम खोल नव्हती. डोळा मात्र बोटभर अंतरानें वांचला. उतरून पाहतों तों डाव्या चाकामागील रबरी पडदा, ज्यास गॅरेजवाले मडफ्लॅप म्हणतात, तो जागेवर नाहींच. ओढ्यांत गाडी मागें घेतांना चाकाखालीं सांपडून तो उपटला गेला होता. महिन्यापूर्वींच एका कारागिरानें तो पत्र्यांत थेट पिळून बसविलेल्या तीन स्क्रूंवर टांगून दिला होता. दोष त्याचा खरा. परंतु काय लाविलें हें आम्ही वांकून पाहिलेंहि नाहीं, तेव्हां निम्मा आमचाहि.

ज्या बंधूंची जीप काळ्या रानांतून फिरते त्यांस पडदा जाणें नवें नसेल. पडदा गेला कीं आपण अधिक जाड बोल्ट शोधूं लागतों, आणि येथेंच चूक होते. बोल्ट तुटून पडदा गेला असें क्वचितच घडतें. उपटलेला पडदा हातीं घेऊन पाहावा: बोल्टाचें डोकें रबरांतून ओढलें जाऊन भोंक कडेपर्यंत फाटलेलें आढळेल. म्हणून बोल्टाच्या जाडीपेक्षां त्याची पकड किती जागेवर पसरली आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. ६ मि.मी. बोल्टाखालीं घालण्याचा साधा वायसर १२ मि.मी. व्यासाचा असतो. त्याऐवजीं २५ मि.मी. व्यासाचा रुंद वायसर घातल्यास रबरावर टेकणारी जागा पांचपटींहून अधिक होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पडद्याच्या रुंदीएवढी, ३ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी घेऊन तींतून सर्व बोल्ट ओंवणें. मग ओढ एका भोंकावर न येतां सबंध कांठावर वांटली जाते. भोंकें कडेपासून निदान २० मि.मी. आंत असावींत.

दुसरी गोष्ट नटाची. लोखंड लोखंडावर आवळलें असतां ताण टिकतो व त्या ताणानें नट धरून राहतो. रबराचें तसें नाहीं. तें दाबाखालीं हळूहळू बसत जातें, ताण उतरतो, आणि खडबडीत वाटेच्या हादऱ्यांनीं साधा नट फिरून गळतो. स्प्रिंग वायसरहि येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. याकरितां आंत नायलॉनचें कडें असलेला नट घ्यावा. तें कडें आट्यांस घट्ट धरीत असल्यानें ताण नसतांहि नट जागचा हालत नाहीं. बोल्टाचे दोन आटे कड्याबाहेर आलेच पाहिजेत. काढलेला नट पुन्हां न वापरतां नवा घालावा. त्यास थोडेच पैसे पडतात. आवळतांना रबर कडेनें फुगूं लागलें कीं थांबावें.

पत्र्यांत पिळावयाचे स्क्रू आम्ही सर्वस्वीं त्याज्य मानितों. मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यांत त्यांचा जेमतेम एखादा आटा धरतो, भोंक सैल होतें, शिवाय त्यांचें टोंक टायरकडे आलें तर अनर्थच. अल्युमिनियमचे पॉप रिव्हेट दिसावयास नीटस, पण त्यांचें डोकें लहान, आणि दुरुस्तीच्या वेळीं ते ड्रिलनें फोडावे लागतात. बांधणीची तार तर रबर चाकूसारखी कापते. घरीं पोहोंचेपर्यंतची सोय एवढीच तिची योग्यता. प्लास्टिकच्या खुंट्या शहरांतील मोटारीस ठीक.

बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले चालतात. कोंकणपट्टींत, जेथें खारी हवा आहे, तेथें स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. मात्र नट व बोल्ट दोन्ही स्टेनलेसचे असले तर आटे एकमेकांस चिकटून जाम होण्याचा संभव असतो, म्हणून ग्रीस लावून सावकाश आवळावे. जुन्या जीपांत इंची मापाचे बोल्ट आढळतात. ५/१६ इंची बोल्ट ७·९४ मि.मी. भरतो व ८ मि.मी. बोल्टासारखाच दिसतो, पण आट्यांचें अंतर निराळें. जोरानें एकाचा नट दुसऱ्यावर चढविला तर दोन्ही वायां जातात. बाजारांत जातांना जुना बोल्ट खिशांत असावा.

बसवितांना बोल्टाचें डोकें टायरच्या बाजूस व नट पलीकडे ठेवावा; खड्ड्यांत गाडी दबली असतां आट्यांचें टोंक टायर कापणार नाहीं. पत्र्यास नवें भोंक पाडलें तर त्याच्या कडेस रेडऑक्साइड अवश्य लावावा, नाहींतर गंज तेथूनच सुरू होतो.

आमचा पडदा चार दिवसांनीं ओढ्याच्या गाळांत सांपडला. फाटलेला वरचा कांठ कापून, दोन बोटें खालीं नवीं भोंकें पाडून, पट्टी व चार बोल्टांनीं तो बसविला आहे. उजव्या बाजूसहि तेच तीन स्क्रू होते. ते त्याच दिवशीं काढले.