उभयचर प्राण्यांतील कायट्रिड कवकरोग

बेडूक, भेक, सॅलॅमँडर इ. उभयचर प्राण्यांच्या त्वचेस होणारा संसर्गजन्य रोग. बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे सूक्ष्म कवक त्याचे प्रमुख कारण होय. ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिका येथील पर्जन्यवनांतील बेडकांच्या सामूहिक मृत्यूचा शोध घेताना १९९८ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले; कवकास शास्त्रीय नाव १९९९ मध्ये मिळाले. सॅलॅमँडरांना मारक ठरणारी बॅ. सॅलॅमँड्रिव्होरन्स ही जाती २०१३ मध्ये वर्णिली गेली.

सु. ३ ते ५ मायक्रॉन व्यासाचे चलबीजुक एका कशाभिकेच्या साहाय्याने पाण्यात पोहते व त्वचेतील केराटिनयुक्त पेशींत शिरून त्याचा बीजुककोश बनतो. अनुकूल तापमानात ४-५ दिवसांत कोश पक्व होऊन नवी चलबीजुके बाहेर पडतात. त्यांतील काही त्याच प्राण्याच्या त्वचेत पुन्हा शिरतात, त्यामुळे संसर्गाचा भार झपाट्याने वाढतो. बेडूक त्वचेवाटे श्वसन करतो, पाणी शोषतो व क्षारांचा समतोल राखतो. त्वचा निकामी झाली म्हणजे रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटून अखेर हृदय बंद पडते.

स्वतःच्या बळावर चलबीजुक सु. २ सेंमी.च पोहू शकते. दूरवरचा प्रसार वाहते पाणी, ओला चिखल, प्रजननकाळातील बेडकांचे निकट स्पर्श आणि माणूस यांच्यामार्फत होतो. भैकेरांमध्ये केराटिन केवळ मुखावयवांत असल्याने ते सहसा मरत नाहीत, पण कवक बाळगतात. रूपांतरणानंतर केराटिन सर्व त्वचेत पसरते आणि कोवळे बेडूक मरू लागतात. अमेरिकी बुलफ्रॉगसारख्या जाती संसर्ग असूनही बहुधा निरोगी दिसतात. सामान्यतः आश्रयी प्राणी विरळ झाले म्हणजे साथ ओसरते. येथे वाहक जाती टिकून राहत असल्याने दुर्बल जातीचे उरलेसुरले प्राणीही सुटत नाहीत. २०१९ मधील एका आढाव्यानुसार या रोगाने किमान ५०१ जातींची संख्या घटली व त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात.

जनुकीय पुराव्यावरून (२०१८) या कवकाचे मूळ पूर्व आशियात, बहुधा कोरियन द्वीपकल्पात, असून साथ पसरवणारा त्याचा वाण विसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आला असे दिसते. प्रयोगशाळा, खाद्य व छंद यांसाठी चाललेल्या जिवंत उभयचरांच्या व्यापाराने तो खंडोखंडी गेला. संरक्षणाचे कार्यही यातून सुटलेले नाही : मायोर्का बेटावर बंदिवासात वाढवून सोडलेल्या दुर्मिळ भेकांबरोबरच कवक तेथे पोहोचले. पुढे भैकेरांवर कवकनाशक औषधाचा उपचार व खडकांतील डबक्यांचे निर्जंतुकीकरण करून तेथील काही जलाशयांतून ते हटविण्यात आले (२०१५). मोठ्या अरण्यात असा उपाय शक्य नाही.

भारतात पश्चिम घाटातून या कवकाची पहिली नोंद २०११ मध्ये झाली. उत्तर पश्चिम घाटातील तीन प्रदेशनिष्ठ जातींत ते आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले : ओढ्याकाठचा निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी, ज्याचे भैकेर ओल्या कातळावर वाढतात तो इंडिराना लैथी व झुडपांवरील राओर्केस्टीस बॉम्बेएन्सिस. यांपैकी शेवटच्या जातीत मुक्त भैकेर अवस्थाच नसते, अंड्यातून थेट लहान बेडूक बाहेर येतो. म्हणजे संसर्गास डबक्यातील वास्तव्य आवश्यक नाही, ओलावा पुरतो. निक्टिबॅट्रॅकसच्या त्वचेवर जखमा, तपकिरी छटा व साल निघणे ही लक्षणे होती; इतर दोन जाती बाह्यतः निरोगी होत्या. केवळ पाहणीवरून रोगमुक्तता ठरविणे त्यामुळे चुकीचे होय. सापडलेला वाण आशियातील स्थानिक वाणांशी संबंधित आहे. घाटातील बेडूक व हे कवक यांचा सहवास जुना असण्याची शक्यता त्यातून सूचित होते; तथापि बाहेरून येणाऱ्या अधिक मारक वाणापासून त्यामुळे संरक्षण मिळेलच असे नाही.

कवकाची उत्तम वाढ १७° ते २५° से. तापमानात होते, सु. २८° से.च्या वर ती थांबते आणि पूर्ण वाळल्यास कवक मरते. सह्याद्रीच्या थंड, धुकट माथ्यांवर अनुकूल स्थिती असते. उलट बेंबळा नदीच्या खोऱ्यातील बाभुळगाव (जि. यवतमाळ) परिसरात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते, उथळ डबकी आटतात व बेडूक जमिनीत दडून राहतात. या काळात कवकाचा टिकाव कठीण असतो. हिवाळ्यात मात्र तेथील जलाशयांचे पाणी त्यास मानवेल इतके थंड होऊ शकते. म्हणून एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे जाताना पादत्राणे व जाळी धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळवावीत आणि एका ठिकाणचे भैकेर दुसरीकडे सोडू नयेत, ही खबरदारी डोंगराळ व सपाट अशा दोन्ही प्रदेशांत घ्यावी लागते.