नोव्हेंबरातले दाखले

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजच्या कार्यालयात कॉलेज सोडल्याचा दाखला मागणारे येऊ लागतात. बीड जिल्ह्यातल्या या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या याच सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. त्यामुळे कुणाचं लग्न घाईत उरकतं, कुणाला धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर जावं लागतं, आणि एस.वाय.च्या वर्गातली हजेरी विरळ होते. आजारपण आणि घरातलं कमावतं माणूस जाणं ही कारणं तर वर्षभर येतच असतात.

प्रवेश समितीचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे अर्ज माझ्या डोळ्यांखालून जातात. अर्जासोबत ना-देय पत्रक मिळतं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, लेखा विभाग अशा सह्या गोळा कराव्या लागतात. ग्रंथालयात हमखास अडतं, कारण पुस्तक गावी राहिलेलं असतं. प्रयोगशाळेत फुटलेल्या ब्युरेटचे पैसे निघतात. मग आमचे वरिष्ठ लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, जनरल रजिस्टर उघडतात. सोडल्याची तारीख, वर्तणूक, कारण. कारणापुढे बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहिलं जातं. ही नोंद झाली की मुलगी आमची विद्यार्थिनी राहत नाही. परत यायचं तर प्रवेश नव्याने.

म्हणून भाऊसाहेब रजिस्टर चटकन उघडत नाहीत. आधी खुर्ची पुढे करतात.

“बसा पाटील. पोरीला परत शिकवायचंय का?”

“आता कसं सांगावं साहेब? पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावर बघू.”

“मग दाखला कशाला काढता? राहू द्या इथंच. ताई, तुझा परीक्षेचा फॉर्म भरलाय ना?”

फॉर्मवर हा प्रश्न कुठेही छापलेला नाही, आणि माझ्या मते या साऱ्या कामात मोलाचा तोच आहे. दाखला मागायला आलेल्या अनेकांना खरं तर थांबायचं असतं, सोडायचं नसतं. थांबण्याचा वेगळा अर्ज त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो.

फॉर्म भरलेला असला की भाऊसाहेबांचा सल्ला ठरलेला: टोळी चार-आठ दिवस पुढे निघू द्या, पोरगी मावशीकडे ठेवा, पण सत्राची परीक्षा देऊनच जाऊ द्या. यामागे पक्का हिशेब आहे. २०२१च्या युजीसी नियमांनी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट तिथे साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. आमच्याकडे एका सत्राचे २२. परीक्षा न देता गेलेल्या मुलीच्या खात्यावर त्या सत्राचं काहीच पडत नाही. देऊन गेलेलीचं अर्धं वर्ष शाबूत राहतं.

नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय आहे, हे मी पालकसभेत मनापासून सांगते. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तीन वर्षांच्या आत परत यायची मुभा, सात वर्षांत पदवी पुरी करायची. चांगली गोष्ट आहे. पण हे दार वर्ष संपल्यावर उघडतं, शिवाय प्रमाणपत्रासाठी चार जादा क्रेडिटचं व्यवसायकौशल्याचं किंवा इंटर्नशिपचं काम करावं लागतं. आमची मुलं निघतात नोव्हेंबरात. फी-परताव्याचंही तेच. युजीसीच्या २०१८च्या सूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर शून्य. ऊसतोडीला जाणाऱ्या घराच्या वाट्याला त्यामुळे सहसा शून्यच येतं. त्याच सूचनेत मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असंही स्पष्ट आहे, आणि ते पालकांना माहीत असायला हवं. महाडीबीटीवरच्या काही शिष्यवृत्त्यांना अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड चालत नाही. हेसुद्धा जाण्याआधीच सांगायला हवं, आल्यावर नाही.

यंदा एक मुलगी परीक्षा देऊन गेली. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेल तेव्हा ती परत येईल, पण चौथं सत्र तोवर संपत आलेलं असेल. ७५ टक्के हजेरी कुठून आणणार? तेच सत्र पुन्हा डिसेंबरात सुरू होणार, म्हणजे नेमका पुढचा हंगाम. शाळकरी मुलांना मागे ठेवता यावं म्हणून या भागात हंगामी वसतिगृहं निघाली, पण एकोणीस वर्षांच्या मुलीचे हात घराला हवेच असतात, तिला मागे कोण ठेवणार? भाऊसाहेबांच्या सल्ल्याने तिचं अर्धं वर्ष वाचलं खरं, पण उरलेलं अर्धं दर वर्षी याच महिन्यांत अडकून पडेल.

सम सत्राचे तास जुलै ते ऑक्टोबर या काळात, हंगामावरून परतलेल्या मुलांसाठी वेगळे घ्यायला आमच्या विभागातले तिघं शिक्षक तयार आहेत. लागते ती विद्यापीठाची परवानगी आणि ऑक्टोबरात एक जादा परीक्षा. तसा अर्ज आम्ही प्राचार्यांमार्फत पाठवला आहे. सोबत गेल्या काही वर्षांच्या जनरल रजिस्टरमधल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या नोंदींची यादी जोडली आहे, आणि ‘पालकांच्या विनंतीवरून’ या शेऱ्यापुढे भाऊसाहेबांनी आठवून आठवून प्रत्येकीचं खरं कारण लिहिलं आहे.