बाबासाहेब आणि रोमन कायद्याचा धडा

बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते. तेव्हा बारच्या परीक्षेत रोमन कायदा असे. इंग्लंडचा कायदा मुळात रोमन नाही, मग ही घोकंपट्टी कशाला, असा आक्षेप घेतला जाई. वरवर तो पटतोही. पण रोमन सम्राट जस्टिनियनने ५३३ साली खास विद्यार्थ्यांसाठी काढलेलं, पुढे बोलोन्यापासून युरोपभर शिकवलं गेलेलं पाठ्यपुस्तक व्यक्ती, वस्तू आणि दावे अशी मांडणी करतं. दाव्याला तिथे स्वतंत्र जागा आहे, आणि माझ्या मते खरी शिकवण तीच: हक्क नुसता असून भागत नाही, तो दाव्यात टिकवावा लागतो. हे तर कुठलाही वकील जाणतो, असं कुणी म्हणेल. जाणतो खरा, पण महाड पाहा: चवदार तळं नगरपालिकेने ठरावाने अस्पृश्यांना खुलं केलं, तरी त्यांना पाण्याला हात लावता येईना. बाबासाहेबांच्या सत्याग्रहानंतर दावा गुदरला तो सवर्णांनी, प्रतिवादी बाबासाहेब. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला मार्च १९३७मध्ये.