कवळीची निगा : सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत

महाडच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या कुटुंबांना पावसाळ्यातील एक यादी तोंडपाठ असते. सावित्री आणि गांधारीचे पाणी चढू लागले की चोपडे, दागिने, कागदपत्रे आणि औषधे आधी वरच्या मजल्यावर न्यायची. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरांनी ही शिकवण पक्की केली आहे. या यादीत एक लहानशी डबी मात्र बहुधा राहून जाते, ती घरातील आजी-आजोबांच्या कवळीची. कवळी हरवली वा मोडली तर नव्यासाठी मापे देणे, बसवून पाहणे यांत अनेक फेऱ्या होतात. पोलादपूर परिसरातील वाडी-वस्तीवरून भर पावसात अशा फेऱ्या मारणे वृद्धांना सोपे नसते. तोवर ते मऊ भातावर भागवतात, पाहुण्यांसमोर बसणे टाळतात आणि गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलणेही सोडतात. म्हणून कवळीची निगा हा केवळ स्वच्छतेचा विषय नाही. वडीलधाऱ्यांचे पंगतीतील आणि पेढीवरील स्थान तिच्याशी जोडलेले आहे.

कृत्रिम दातांचा इतिहास फारसा सुखद नाही. १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात तेव्हा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात, मनुष्याचे दात आणि शिसे वापरलेले होते. आजची कवळी प्रामुख्याने अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम पदार्थाची असते. ती हलकी आणि स्वच्छ राहणारी आहे. परंतु उष्णता, कोरडेपणा आणि घासणी हे तिचे तीन वैरी आहेत.

पहिला वैरी आपल्या घरांत विशेष जपून ओळखावा लागतो. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची परंपरा आहे. पातेले चुलीवरून उतरताच त्यातले पाणी कवळीवर ओतले तर ती निर्जंतुक होईल, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कढत पाण्याने अ‍ॅक्रिलिकचा आकार बिघडतो आणि वाकलेली कवळी पुन्हा हिरड्यांवर नीट बसत नाही. उकळलेले पाणी वापरायचेच असेल तर ते पूर्ण निवू द्यावे.

दुसरा वैरी कोरडेपणा. तोंडाबाहेर काढलेली कवळी कागदात वा रुमालात गुंडाळून ठेवू नये. ती कोरडी पडते, शिवाय कचरा समजून फेकली जाण्याची भीती असते. झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे.

तिसरा वैरी घासणी. दंतमंजन, राख, मीठ, नेहमीची टूथपेस्ट यांनी पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत मळ व जंतू घर करतात. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाचे पाणी पुरेसे आहे. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा ओला टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. धातूच्या आकड्या असलेल्या अर्ध्या कवळीला ब्लीच कधीही लावू नये. स्वच्छतेच्या गोळ्या वापरल्यास वेष्टनावरील सूचनेप्रमाणे, तोंडाबाहेरच वापराव्यात आणि नंतर कवळी पुष्कळ पाण्याने धुवावी.

चोविहार पाळणाऱ्यांसाठी दिनक्रम सहज जुळतो. सायंकाळचे भोजन आटोपताच, सूर्यास्तापूर्वी, कवळी काढून धुवावी. चूळ भरून हिरड्या, जीभ आणि टाळू मऊ ओल्या कापडाने पुसावेत. अन्नाचा कण कवळीखाली राहिला नाही, याची खात्री झाली की व्रतही निर्वेध राहते. नंतर प्रतिक्रमण किंवा संभाषणासाठी ती पुन्हा घालता येते. परंतु निजताना मात्र काढून डबीत ठेवावी. रात्रभर कवळी तोंडात राहिली तर तिच्याखाली बुरशी वाढून टाळू लाल होतो व झोंबतो. सकाळी नवकारशी पारल्यावर ती धुऊन घालावी. पाण्याविना केलेल्या उपवासात लाळ कमी होते आणि कवळी घासून जखम होऊ शकते. अशा दिवशी ती अधिक वेळ काढून ठेवणे हिताचे.

कवळी सैल होणे ही बहुतेकांची तक्रार असते. तेथे दोष नेहमी कवळीचाच असतो असे नाही. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते. कवळीचा आकार मात्र तोच राहतो. अशा वेळी घरी कानस लावणे, बाजारातील गोंदाने तुकडे चिकटवणे किंवा चिकट पेस्टचा थर वाढवत नेणे हे उपाय टाळावेत. दंतवैद्य आतील बाजूस नवा थर देऊन ती पुन्हा बसवू शकतात. त्याला रिलायनिंग म्हणतात. दात एकही उरला नसला तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ यांकडे दुर्लक्ष करू नये. सुपारी-तंबाखूची सवय असेल तर मुळीच नाही. कडक सुपारीने कवळीही तडकते.

एक काम घरातील तरुणांचे आहे. कवळी सैल झाल्याचे वृद्ध मंडळी सहसा सांगत नाहीत. खाखरा नको म्हणणे, जेवण लांबवणे, हसताना तोंडावर हात धरणे, या खुणांतून ते समजून घ्यावे. आणि यंदा पाणी वाढेल त्या रात्रीसाठी, चोपड्यांच्या पिशवीत त्या डबीला आजच जागा ठरवून ठेवावी.