विश्रांतीतही राबणारी चेतापेशी

दात घासताना हातातला ब्रश गळून पडतो, तोंड एका बाजूला ओढले जाते, जीभ जड होते. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत घरचे तेलाची वाटी घेऊन बसतात. कोणी म्हणते, दुपारपर्यंत वाट पाहू. त्या वेळी मेंदूत काय चाललेले असते हे कळले, तर अशी वाट कोणी पाहणार नाही. पण त्यासाठी धडधाकट चेतापेशी ‘विश्रांती’त असताना काय करते, ते आधी समजून घ्यायला हवे.

विश्रांती हा शब्द तसा फसवाच. संदेश पाठवत नसतानाही चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. मात्र पेशीचे पटल मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही पातळ असते. तेवढ्या जाडीवर हा दाब म्हणजे सेंटिमीटरला जवळजवळ एक लाख व्होल्ट!

ही वीज क्षारांतून येते. पेशीबाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. बाहेरच्यापेक्षा तीसेक पट अधिक. पटलात पोटॅशियमला जायला काही वाटा कायम उघड्या असतात, सोडियमला मात्र फारच थोड्या. पोटॅशियमचे धनभारित कण दाटीतून बाहेर झिरपतात, त्यांच्या जोडीचा ऋणभार आतच अडकतो आणि त्यांना मागे ओढू लागतो. या ओढाताणीत थोडेसे सोडियमही आत शिरते. या साऱ्याचा मेळ 70 मिलिव्होल्टच्या आसपास बसतो.

पोटॅशियमची ही कल्पना जर्मनीच्या युलियुस बर्नस्टाइन यांनी 1902 मध्ये मांडली होती. पेशीच्या आतून थेट मोजमाप 1939 मध्ये इंग्लंडातील प्लिमथला झाले. हॉजकिन आणि हक्सले यांनी त्यासाठी माकूल निवडले. कोकणात ताटात येणाऱ्या माकुलाचेच हे भाऊबंद. त्याचा एक चेतातंतू इतका जाड, की आत बारीक काचनळी सरकवता येते.

पण पोटॅशियम असे झिरपत राहिले, तर साठा संपणार नाही का? संपेल. म्हणून पटलात पंप असतात. प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करून 1957 मध्ये हा पंप दाखवला. नोबेल मिळाले 1997 मध्ये. विश्रांतीतला विद्युतदाब हा पंपच तयार करतो, असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात. प्रत्यक्षात त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. त्याचे खरे काम साठा राखण्याचे आणि ते महाग आहे. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला मेंदू सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो, त्यातला मोठा हिस्सा या पंपांचा.

मेंदूजवळ इंधनाची शिल्लक जवळपास नसते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की तिच्या अगदी मधल्या भागात पंप काही मिनिटांत थांबतात. पोटॅशियम बाहेर सांडते, सोडियम आत घुसते, त्यामागोमाग पाणी. पेशी फुगून मरतात. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी जातात, असा अंदाज आहे.

कडेच्या भागाची गोष्ट वेगळी. शेजारच्या वाहिन्यांतून तिथे थोडे रक्त पोहोचत असते. संदेश पाठवण्याइतकी ताकद त्या पेशींत नसते, म्हणून हात लुळा पडलेला दिसतो. पण पंप कसेबसे चालू असतात. पेशी मुक्या झालेल्या, तरी जिवंत. उपचाराची सगळी धडपड त्यांच्यासाठी असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. मालिशमध्ये गेलेला तास या साडेचारातूनच वजा होतो.

अशा वेळी रुग्णाला पाणी, गोळी, काहीही तोंडाने देऊ नये. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते. थेट सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तिथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा : रुग्णाला पूर्ण ठीक असलेले शेवटचे किती वाजता पाहिले? सोबत येणाऱ्याने ती वेळ निघतानाच कागदावर लिहून घ्यावी.